पाकिटावर तिचं नाव



आज तुम्हाला एक साधा प्रश्न विचारते. भाजी निवडता निवडता विचार करा, घाई नाही. आजवर आलेल्या पत्रांपैकी तुमच्या कायमचं लक्षात राहिलेलं पत्र कोणतं?

पहिल्यांदा जी आठवतील ती साधारण सारखीच असतील. धाकट्या दिरांच्या नोकरीची ऑर्डर. मुलाच्या कॉलेजप्रवेशाचा कागद. ‘मुलगी पसंत आहे’ असं कळवणारं पत्र. पण ते आलं होतं वडिलांच्या नावावर, तुम्ही नुसतं दाराआडून ऐकलंत. आणि ते कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड, जे पोस्टमनच्या हातात दिसताच, वाचायच्या आधीच, घरात रडारड सुरू व्हायची. ही सगळी पत्रं महत्त्वाची खरी. पण ती तुम्हाला आलेली होती का? पाकिटावर नाव कोणाचं होतं?

हे मी मुद्दाम विचारते आहे. आपल्याकडे पत्र यायचं ते घराला. वर ‘श्री. अमुक अमुक यांस’, आत सगळी हालहवाल, आणि अगदी शेवटी, जागा उरली तर, ‘सौ. वहिनींस नमस्कार, चि. बाळास आशीर्वाद’. आपल्या वाट्याला तेवढी एक ओळ. माहेरचं पत्र आपल्या नावानं आलं तरी खाली ‘द्वारा श्री.’ असायचंच. ते ओटीवर पडलं की आधी मामंजी वाचणार, मग ‘हे’, मग वन्सं. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत ते सगळ्या घराला पाठ झालेलं असायचं. आपल्या आया शहाण्या. त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. ‘चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद’ लिहून झालं की त्या पाऊसपाण्याचं लिहीत, शेजारच्या घरातल्या लग्नाचं लिहीत, आणि मध्येच कुठंतरी एक वाक्य आपल्यासाठी सोडून देत: ‘परसातल्या पेरूला यंदा फळ धरलं नाही.’ बाकीच्यांना तो पेरू. आपल्याला कळायचं की आईचं मन थाऱ्यावर नाही.

म्हणूनच स्वतःच्या नावाचं पत्र हातात पडलं तर एका बाईच्या आयुष्यात काय काय घडू शकतं, याची एक खरी हकीकत आज सांगायची आहे. तिचं नाव तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी अनेकींनी वाचली असेल, २०१९ साली आलेला चित्रपटही पाहिला असेल. डॉ. आनंदीबाई जोशी. पण आपण तिच्याकडे ‘पहिली’ म्हणून बघतो आणि हात जोडून मोकळ्या होतो. आज तिच्याकडे पोस्टमनची वाट बघणारी मुलगी म्हणून बघू या.

१८६५ सालचा तिचा जन्म. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते गोपाळराव जोशींशी. ते बिजवर, वयानं कितीतरी मोठे, आणि नोकरी पोस्टातली. (पत्रांची गोष्ट आणि नवरा पोस्टातला! कादंबरीत लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, काहीतरीच जुळवलंय.) बायकोनं शिकलंच पाहिजे हे गोपाळरावांचं वेड. लोकांच्या बायका अभ्यास करते म्हणून मार खायच्या, ही अभ्यास केला नाही म्हणून खायची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा बदल्या होत गेल्या. हातात पुस्तक घेऊन नवऱ्याबरोबर रस्त्यानं चालणारी बायको म्हणजे त्या काळी लोकांना तमाशाच. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांचा होऊन गेला. नीट औषधपाणी मिळालं नाही. बाळंतिणीला पुरुष डॉक्टरसमोर नेणं नाही, आणि बाई डॉक्टर म्हणून कोणी नाही. आपण डॉक्टर व्हायचं हे तिच्या मनानं घेतलं ते तिथं.

कोल्हापुरात असतानाच गोपाळरावांनी मिशनरी लोकांना पत्र लिहून विचारलं होतं, बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, तिकडं मला काही काम मिळेल का? ते पत्र रॉयल वाइल्डर या गृहस्थांकडे गेलं. हे पूर्वी कोल्हापुरातच मिशनचं काम करून अमेरिकेला परतलेले. त्यांचं म्हणणं असं पडलं की मदत होईल, पण तुम्ही ख्रिस्ती व्हा. जोशी नवराबायकोला ते मान्य नव्हतं. वाइल्डरसाहेबांनी हा सगळा पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाच्या मासिकात छापून टाकला. झालं, तिथं विषय संपला. निदान संपायला हरकत नव्हती.

पुढचं ऐका. १८८० साली न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या एक बाई दात दाखवायला दवाखान्यात गेल्या. नाव थिओडोशिया कार्पेंटर. घरसंसार, मुलंबाळं असलेली, तुमच्याआमच्यासारखी गृहिणी. आपला नंबर यायची वाट बघत बसल्या असताना तिथं पडलेला एक जुना अंक त्यांनी हातात घेतला. दवाखान्यातली मासिकं आपणही चाळतो. दातदुखीत एखादी पाककृती वाचतो, नंबर आला की अंक खाली ठेवतो आणि विसरतो. कार्पेंटरबाईंनी त्या अंकात दूर कुठल्याशा देशातली एक मुलगी शिकू इच्छिते, आणि तिला अट घालून वाटेला लावलं आहे, हे वाचलं. आणि त्यांनी ते मनात ठेवलं. घरी येऊन त्यांनी पत्र लिहिलं, ते आनंदीबाईंना. त्यात धर्माची अट नव्हती. ओळख ना पाळख, कोणाची चिठ्ठी ना शिफारस. मधल्या काळात जोशी कुटुंब कोल्हापूर सोडून कच्छमध्ये भूजला गेलेलं होतं. समुद्र ओलांडून ते पत्र तिथवर पोचलं.

पंधरा वर्षांची मुलगी, मूल गेल्याचं दुःख अजून ताजं, परका मुलूख. बायकांत जावं तर त्या ‘मडमिणी’ म्हणून बोट दाखवणाऱ्या, घरात नवरा म्हणजे मास्तर. अशा वेळी सातासमुद्रापलीकडची एक बाई विचारते आहे, बाई गं, तू कशी आहेस? मला विचाराल तर तिच्या पुढच्या साऱ्या कर्तबगारीत मला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ होते. तिच्याशी बोलणारं हे पहिलं माणूस.

तिनं उत्तर लिहिलं, तेही इंग्रजीत. मग सुरूच झालं. पत्र जायला कित्येक आठवडे, उत्तर यायला पुन्हा तेवढेच. आज फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या नाहीत की आपला जीव वरखाली होतो, आणि या दोघी तीन वर्षं एकमेकींचं तोंडही न पाहता लिहीत राहिल्या. तिकडचे सण, इकडचे सण, जेवणखाण, लग्नाच्या चालीरीती, बायकांची दुखणी. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागली, आणि त्या हिला भाची. बदलीनं कलकत्त्याला गेल्यावर हिची तब्येत बिघडली. डोकेदुखी, बारीक ताप, दम लागणं. मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली. ती लागू पडली नाहीत, ही गोष्ट निराळी. पण विचार करा, आपल्या सख्ख्या मावशीनं तरी मुंबईहून पुण्याला औषध पाठवलं असतं का!

१८८३ मध्ये ठरलं की आनंदीबाईनं एकटीनं जायचं. निघण्याआधी फेब्रुवारीत तिनं श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नव्हे) लोकांपुढं उभं राहून आपण का जातो आहोत ते सांगितलं. वय अठराही पुरतं नव्हतं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. जवळजवळ दोन महिने समुद्र. धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. तो उन्हाळा तिनं रोझेलला त्यांच्या घरी काढला, मग फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली. शाकाहारी राहिली, आपला धर्म सोडला नाही, आणि कार्पेंटरबाईंच्या घरात तिला कोणी तसं सोडायला सांगितलंही नाही. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणावर होता. दहा दिवसांचं ते बाळ ती विसरली नव्हती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी आपण बायकांनी तरी डोळ्यांआड करू नये. अमेरिकेत तिला आणखीही एका माणसाची पत्रं येत होती. गोपाळरावांची. ज्या माणसानं तिला जिद्दीनं शिकवलं, दूर पाठवलं, त्यांचीच पत्रं पुष्कळदा टोचून बोलणारी, संशय घेणारी असत. परदेशात, थंडीत, खोकत अभ्यास करणारी ती मुलगी त्या पाकिटांनी किती पोळली असेल! पण तिनंही एक उत्तर लिहिलं. लहानपणी त्यांनी लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकली, सोडून देण्याच्या धमक्या दिल्या, हे सारं तिनं त्या पत्रात वयावारी मांडलं आणि विचारलं, हे योग्य होतं का. समोरासमोर तिनं हे कधी विचारलं असतं असं मला वाटत नाही. कागदावर विचारता आलं. गोपाळरावांना आलेल्या पत्रांत त्यांच्या कायमचं लक्षात राहिलेलं पत्र हेच असेल, की त्यांनी घडी घालून ते बाजूला ठेवलं असेल?

तिला आणखीही एक पत्र आलं, कोल्हापूर संस्थानाकडून. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम तिला देऊ केलं होतं. ज्या गावाहून नवऱ्यानं मदतीची याचना केली, त्याच गावचं बोलावणं, आता डॉक्टरीणबाई म्हणून, तिच्या स्वतःच्या नावानं. १८८६ च्या अखेरीस ती परत आली, पण क्षयानं पोखरलेली. ते काम तिच्या हातून व्हायचं नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीसही पुरी नव्हती. गोपाळरावांनी तिची रक्षा अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीतल्या जागेत ठेवली. तिच्या नावाचा दगड तिथं आजही आहे. आपल्या घरची माणसं जिथं निजतात तिथं मावशीनं भाचीला जागा दिली.

आणि हे सगळं आपल्याला कसं कळलं? कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईची पत्रं जपून ठेवली म्हणून. कॅरोलाइन हीली डॉल या बाईंनी त्या पत्रांच्या आधारानं १८८८ साली इंग्रजीत तिचं चरित्र लिहिलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं, आणि काशीबाईंना स्वतःला लग्नानंतर, घरच्यांचा विरोध सोसत वाचायला शिकावं लागलं होतं. एकीनं लिहिलं, दुसरीनं जपलं, तिसरीनं आणि चौथीनं पुस्तक केलं. मधल्या कोणी ‘कशाला ही रद्दी’ म्हणून चूल पेटवली असती तर?

रद्दी हा शब्द मी उगाच वापरला नाही. विदर्भातल्या एका भगिनीनं विचारलं आहे: आमचं जुनं घर पाडून तिथं इमारत होते आहे, दोन खोल्यांच्या फ्लॅटात जायचं आहे. माझ्या ट्रंकेत आईची, सासूबाईंची आणि धाकट्या बहिणीची चाळीस वर्षांची पत्रं आहेत. सून म्हणते, ‘आई, हे कुठं ठेवायचं?’ मुलगा म्हणतो, ‘फोटो काढून टाकून देऊ.’ बहीण आता नाही. मी काय करू?

ताई, ठेवा. ट्रंक नको असेल तर ट्रंक द्या, पत्रं ठेवा. चाळीस वर्षांची पत्रं एका साडीच्या खोक्यात मावतात, आणि फ्लॅट कितीही लहान असला तरी त्यात न वापरलेले स्टीलचे डबे ठेवायला जागा होतेच की नाही? सूनबाईंवर रागावू नका. तिला कोणी असं पत्र लिहिलेलंच नाही, तिला त्याची किंमत कशी कळावी? एखाद्या दुपारी तिला शेजारी बसवून धाकट्या बहिणीचं एखादं मजेदार पत्र वाचून दाखवा. मात्र एक गोष्ट दोघांनाही स्पष्ट सांगा. ज्या पत्रावर तुमचं नाव आहे ते तुमचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय ते कोणी वाचू नये आणि कोणी टाकूही नये. चिरंजीवांनी फोटो जरूर काढावेत, पण मूळ कागद टाकण्यासाठी नव्हे.

आता जपायचं कसं, तेही सांगते, कारण चांगल्या मनानं पत्रांचा नाश करणाऱ्या पुष्कळ बघितल्या आहेत. आधी टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा. त्या गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. रबरबँड तर वितळून अक्षरांनाच चिकटतो, त्याऐवजी सुती नाडी सैल बांधा. आंतर्देशीय पत्रं घड्यांवर फाटतात, म्हणून ती उलगडून सपाट ठेवा. फाटलेल्या जागी सेलोटेप मुळीच लावू नका. पाच-सात वर्षांत तो तपकिरी होतो आणि अक्षरं घेऊन जातो. लॅमिनेशनचा मोह अनेकींना होतो, तोही टाळा, कारण एकदा केलं की कागद परत बाहेर काढता येत नाही. धुतलेल्या जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून पुठ्ठ्याच्या नाहीतर लाकडी पेटीत ठेवा, जमिनीवर नको, पावसात ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलीत तर कोकणातल्या हवेत एका पावसाळ्यात बुरशी धरेल. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत कडकडीत वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रणच. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नयेत. दिवाळीच्या आधी, हवा कोरडी झाली की, एक दिवस सावलीत पसरून वारा द्या. उन्हात नको, शाई उडते. भिजलेलं पत्र पंख्याखाली वाळवा, इस्त्री फिरवू नका.

फोटो काढताना खिडकीजवळच्या उजेडात काढा, आणि पत्त्याची बाजूही घ्या. पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव आणि तारीख कळते. आपल्या बायका आत तारीख लिहायला हमखास विसरत. आणि एका वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं लिहून ठेवा: ही आक्का म्हणजे कोण, ‘तो विषय’ म्हणजे कोणता विषय. तुमच्यानंतर ते सांगणारं कोणी नसेल.

राहता राहिली मन दुखावणारी पत्रं. प्रत्येकीच्या ट्रंकेत एखाददुसरं असतंच. ती ठेवायची की जाळायची हे तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. एवढंच की रागाच्या दिवशी ठरवू नका, आणि ठेवायची झाली तर वेगळी बांधून, वर ‘माझ्यामागे उघडू नये’ किंवा ‘लेकीनं वाचावं’ असं जे काय वाटेल ते स्वच्छ लिहून ठेवा.

याच भगिनीनं आणखी एक विचारलं आहे. गठ्ठ्यात सासूबाईंच्या सासूबाईंचे तीन कागद मोडीत आहेत आणि घरात कोणालाच ते लागत नाहीत. ताई, ते आधी वेगळे काढा. जुन्या पिढीतलं कोणी, एखादे निवृत्त शिक्षक, तुमच्या गावातच मोडी वाचणारं निघेल. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळातही चौकशी करता येईल. मूळ कागद कोणाच्या हाती सोडू नका, झेरॉक्स द्या. आणि वाचून झालं की मला जरूर कळवा, त्या तिघांपैकी एका तरी कागदावर त्यांचं स्वतःचं नाव निघालं का.